कच्च्या कैद्याची बारावी, पक्क्या कैद्याचा धंदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सोलापूर जिल्हा कारागृहात कच्चा कैदी आहे. बारावी कॉमर्सचे इंग्रजी आणि अकाउंट्स राहिलेत. केस कधी उभी राहील सांगता येत नाही. शिक्षण आत्ता सुरू करावं की निकालापर्यंत थांबावं?
— एक बहीण, अशोक चौक

उत्तर : ताई, थांबू नका. कच्च्या कैद्यालाही परीक्षा देता येते, आणि खटल्याची वाट पाहण्यात वर्षं जातात.

नापास म्हटलं की लोक सतरा नंबरच्या (बाहेरून बसणाऱ्यांच्या) फॉर्ममागे धावतात. तो तुमच्या भावासाठी नाही. भाऊ परीक्षेला एकदा बसलेला आहे, म्हणजे पुनर्परीक्षार्थी. त्याचा अर्ज जुन्या ज्युनियर कॉलेजमधूनच जातो, तोही राहिलेल्या दोनच विषयांचा. जुनं गुणपत्रक घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, पुरवणी जून-जुलैच्या सुमारास असते. फोटो आणि सहीसाठी कारागृह अधीक्षकांकडे भावाने आतून आणि तुम्ही बाहेरून, असे दोन अर्ज द्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

वेळापत्रक लागलं की त्याच आठवड्यात वकिलांनी कोर्टाकडे परीक्षेला बसण्याची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त मागायचा. घोडं अडतं ते पुढे. आदेश होतो, पण त्याची प्रत कारागृहात आणि पोलीस मुख्यालयात वेळेवर पोचत नाही, गार्ड मिळत नाही आणि पेपर बुडतो. त्यामुळे प्रत मिळाली की दोन्हीकडे पोचली का, याचा स्वतः पाठपुरावा करा. पेपरच्या दिवशीच कोर्टाची तारीख असेल तर त्याच अर्जात दुसरी मागून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही.

बारावी निघाली की पदवी. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) कैद्यांची फी माफ करतं, पण तिथलं बहुतेक साहित्य इंग्रजी-हिंदीत असतं. इंग्रजीतच अडकलेल्या मुलाला आम्ही नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुचवू. मराठीतून बी.ए., बी.कॉम. करता येतं.

प्रवेशाआधी एक काम मात्र आजच करा. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो, त्यासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याचा क्रमांक), आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. भाऊ आत गेल्यापासून त्याचं सिम रिचार्जविना पडून असेल तर ते बंद होईल. मग नंबर बदलायला त्याला स्वतः आधार केंद्रासमोर उभं राहावं लागतं, म्हणजे कारागृहात आधार शिबिर लागेपर्यंत सगळं ठप्प. सिम चालू ठेवा. गुणपत्रकावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असा फरक आपल्याकडे घरोघरी सापडतो. तोही आत्ताच तपासा.

शिक्षा लागून येरवड्याला बदली झाली तर विद्यापीठाला लगेच कळवून परीक्षा केंद्र बदलून घ्यावं लागेल. म्हणून विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाची आणि स्वाध्यायांची एक प्रत घरी ठेवा.

प्रश्न : पती येरवड्यात शिक्षा भोगत आहेत, शिलाई विभागात काम करतात. सुटकेला सव्वा वर्ष आहे. सोलापुरात त्यावर पोट भरेल का?
— वाचक, विडी घरकुल

उत्तर : भरेल, पण नुसत्या सरळ शिलाईवर नको. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत. तिथे मशीनवर बसणारे हात पुष्कळ, दर नगावर, आणि हंगाम संपला की काम आटतं. कमी पडतो तो कटिंग मास्टर. एका शर्टामागे दोन इंच कापड वाया गेलं तर शंभर नगांत पाच मीटर जातं, म्हणून मार्कर (कापडावर तुकड्यांची आखणी) नीट लावणाऱ्याला मालक सोडत नाही. पतींनी आत्ताच कटिंग टेबलावर काम मागावं. मापांची वही ठेवावी : प्रत्येक साइझची छाती, उंची, बाही, आणि एका साइझवरून दुसरीला किती वाढवायचं. कारागृहात कौशल्य प्रमाणपत्राची परीक्षा लागली तर ती द्यावीच. संचित रजेवर (फर्लोवर) आले की एका-दोन कारखानदारांना वही दाखवून यावं.

स्वतःचं काम काढायचं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. राहिलेल्या काळात दहावी, बारावी किंवा पदवी पूर्ण झाली तर शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफीची तरतूद आहे. ती पक्क्या कैद्यांनाच मिळते.

प्रश्न : आत राहून एलएल.बी. करता येईल का? सरकारी नोकरीत शिक्षा लपवावी का?
— बार्शी

उत्तर : दूरशिक्षणाची एलएल.बी. बार कौन्सिल मानत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर २ वर्षं वकिलीची सनदही मिळत नाही. पदवी आत करावी, कायदा बाहेर आल्यावर.

लपवू तर अजिबात नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार खरी माहिती दिल्यावरही नेमणूक द्यायची की नाही हे मालक ठरवतो, पण लपवल्याचं उघड झालं तर तेवढ्यावरच नोकरी जाऊ शकते. साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी भरायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये) गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्ट आणि निकालाची तारीख जशीच्या तशी लिहा, सोबत निकालाची प्रमाणित प्रत जोडा.