मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षासाठी ६० हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलीला पुण्यात मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय, ती हॉस्टेलवर राहणार आहे आणि बजेट ६० हजार आहे. दुकानदार म्हणतो आय७ घ्या. भाचा म्हणतो मेकॅनिकलला गेमिंग लॅपटॉपच लागतो. मुलगी म्हणते काहीही घ्या, पण हलका घ्या. मला विचाराल तर तिघांत मुलीचं डोकं जागेवर आहे.

नाशिकला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, १६ वर्षं झाली. नवीन लॅपटॉप मी विकत नाही, त्यामुळे तुम्ही काय घेता यात माझा काही फायदा नाही. मात्र माझ्याकडे लॅपटॉप येतो तो मोडल्यावरच, त्यामुळे माझं बोलणं थोडं डॉक्टरसारखं वाटेल. तेवढं सांभाळून घ्या.

आधी दुकानदाराचा आय७, म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदू. प्रोसेसरवरचा मोठा आकडा हा निम्मा स्टिकरच असतो. खरी माहिती असते शेवटच्या अक्षरात. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे जोर लावणारा. आय७-१३५५यू मध्ये मोठे कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) फक्त २ आहेत, बाकीचे ८ छोटे. आय५-१२४५०एच मध्ये मोठे ४ आणि छोटे ४. कॅडची (संगणकावर डिझाइन काढायची) बरीचशी कामं एकेका कोरवरच चालतात, त्यामुळे हलक्या कामात दोघांत फार फरक जाणवणार नाही. पण सिम्युलेशन (डिझाइनवर ताण-उष्णता कशी येईल याचा संगणकी हिशेब) अर्धा तास चाललं तर हा 'छोटा' आय५ त्या आय७ला मागे टाकू शकतो. उलट बॅटरी 'यू'ची जास्त टिकते. म्हणजे आय७ वाईट नाही, पण केवळ त्या सातासाठी आठ-दहा हजार जास्त मोजू नका.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या प्रोसेसरांच्या नावातही गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू वाचलं की ७००० मालिकेतला, म्हणजे नवीन, असं वाटतं. पण त्या मालिकेत आतली रचना कोणती ते तिसरा आकडा सांगतो. २ असेल तर झेन २, म्हणजे २०१९ची रचना. ७५३०यू झेन ३, ७६४०यू झेन ४. शिवाय ७५२०यू मध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. दुकानात जुन्या आणि नव्या रचनेचे लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि किमतीत फरक थोडाच असतो. म्हणून पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आता भाच्याचं. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं: थोडं प्रोग्रॅमिंग, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, असाइनमेंटा. ऑटोकॅड ऑटोडेस्ककडून विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, दर वर्षी नूतनीकरण करायचं. सॉलिडवर्क्स, कॅटिया, अ‍ॅन्सिस ही डिझाइन-सिम्युलेशनची सॉफ्टवेअरं पुढच्या वर्षांत येतात. तिथेही विद्यार्थी जे पार्ट आणि छोट्या असेंब्ली (पार्ट जोडून केलेली मॉडेलं) करतात त्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतात. कार्डाची खरी गरज मोठ्या असेंब्लीत आणि रेंडरिंगमध्ये (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढण्यात) लागते, आणि तेवढं काम असेल तेव्हा कॉलेजची लॅब असतेच. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर विटेएवढा अ‍ॅडॉप्टर. बॅटरीवर वर्गात दोन लेक्चरं निघाली तरी नशीब. मग पोरं तो खोलीतच ठेवतात आणि वर्गात मोबाइलवर नोट्स काढतात. असे कितीतरी माझ्याकडे धुळीने फॅन जाम होऊन येतात, उघडावं तर गादीचा कापूस निघतो.

(मुलगी आर्किटेक्चरला असती तर मीच कार्ड घ्या म्हटलं असतं. तेव्हाही नुसतं आरटीएक्स ३०५० असं कार्डाचं नाव बघून चालत नाही, ते किती वॉटवर चालतं ते विचारायचं. एकच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर बसवतात, दुसऱ्यात ८० वॉटवर.)

मॅकबुकचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. मशीन उत्तम आहे, पण सॉलिडवर्क्स आणि कॅटिया विंडोजवरच चालतात. कॉमर्सच्या मुलाला मी बिनधास्त मॅकबुक एअर सांगतो.

पैसे कुठे घालायचे तर रॅममध्ये. १६ जीबी हवीच. पूर्वी मी सांगायचो की ८ घ्या, वर्षभराने दुसरी ८ची पट्टी टाकून देतो. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की तो सल्ला आता देववत नाही. शक्यतो सुरुवातीलाच १६ घ्या आणि विचारा, 'एक स्लॉट तरी रिकामा किंवा बदलता येण्यासारखा आहे का?' इथे एक आतली गोष्ट आहे. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीच्या बऱ्याच 'यू' प्रोसेसरांत आतच आयरिस एक्सई ग्राफिक्स असतं, पण ते रॅमच्या दोन पट्ट्या (किंवा दोन चॅनल) असतील तरच पूर्ण चालतं. एकच पट्टी असली की तोच लॅपटॉप स्वतःला साधा यूएचडी ग्राफिक्स म्हणवतो आणि कॅडमध्ये मॉडेल फिरवताना अडखळतो. एक मुलगा 'ग्राफिक्स खराब झालंय' म्हणून घेऊन आला होता. मी दुसरी पट्टी टाकली, विंडोजमध्ये नाव आपोआप बदललं. पोरगा माझ्याकडे असा बघत राहिला जशी मी जादू केली.

एसएसडी (साठवणुकीची डिस्क) ५१२ जीबी, एनव्हीएमई म्हणजे वेगवान प्रकारची. स्क्रीन आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात), फुल एचडी. बॅटरीचा आकडा वॉट-अवरमध्ये बघा, ४०-४२ पेक्षा ५० च्या वर असेल तर बरं. वजन दीड ते पावणेदोन किलो. 'एआय पीसी' लिहिलेल्या स्टिकरसाठी या बजेटमध्ये एक रुपया जास्त देऊ नका.

आणि आता ती गोष्ट जी जाहिरातीत कुठेच नसते: बिजागरी. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त काय येतं विचाराल तर व्हायरस नाही, बिजागरी. लोखंडी बिजागरी मोडत नाही हो, ती ज्यात स्क्रूने बसवलेली असते ते प्लॅस्टिक फुटतं. आत छोट्या पितळी नट्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. स्क्रीन रोज एका कोपऱ्याला धरून उघडली की त्या हळूहळू उपटून येतात. मग एके दिवशी कडकन आवाज येतो आणि पॅनलची किनार उघडते. वॉरंटीत बहुतेक वेळा 'ग्राहकाच्या हाताळणीमुळे' असा शेरा मिळतो. म्हणून दुकानात डेमो पीस असेल तर स्क्रीन मधोमध धरून उघडा. खालचा भाग सोबत उचलला जात असेल किंवा झाकण फार घट्ट वाटत असेल, तर तो ताण रोज त्या प्लॅस्टिकवर येणार. कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबून बघा, गादीसारखा दबतो का. मुलीलाही सांगा, मधोमध धरून उघड.

बजेट खाली आणायचं असेल तर आणखी एक रस्ता आहे, जो बरेच पालक नाक मुरडून टाळतात. कंपन्यांच्या वापरातून निघालेले जुने लॅपटॉप, लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड. यांची बांधणी आजच्या ६० हजारी नव्या मशीनपेक्षा दणकट असते आणि सुटे भाग मिळतात. इंटेलचा घेतला तर किमान ८वी पिढी हवी, कारण त्याखाली विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घेताना बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता ताडून बघा. माझ्या स्वतःच्या भाचीला मी असाच दिलाय. पण चार वर्षं काढायची असतील आणि पैसे असतील तर नवीनच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

खरेदीचं थोडक्यात. जीएसटीचं पक्कं बिल मुलीच्या किंवा तुमच्या नावाने. खोक्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून दाखवते ते तिथेच बघा. माल जुना पडून असेल तर तारीख मागची दिसते, बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज सवलतीतून वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याकडूनच जाते. रक्कम छोटी असते, फक्त माहीत असू द्या. पाणी-चहा सांडलेलं साध्या वॉरंटीत बसत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीसाठी अपघाती नुकसानीचं कव्हर घ्यावं असं मला वाटतं.

आणि एक हात जोडून विनंती. दुकानातल्या पोराला 'सगळं चालू करून दे' म्हणू नका. विंडोज ११ पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. तो पोरगा घाईत स्वतःचा ईमेल टाकतो. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, त्याची ४८ आकडी किल्ली त्याच अकाउंटमध्ये जाते आणि सोबत आलेलं ऑफिसही त्यालाच चिकटतं. मागे एक मुलगी सबमिशनच्या तीन दिवस आधी आली. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, स्क्रीनवर किल्ली मागत होतं. ज्याच्या ईमेलवर किल्ली होती तो पोरगा दुकान सोडून गावी गेलेला. त्याचा नंबर शोधण्यात दीड दिवस गेला. मिळाला, पण तोवर तिच्या आईचं बीपी वाढलं होतं. खोकं घरी आणा, मुलीच्या ईमेलनेच चालू करा.

दुकानात जाऊन दोन-तीन मॉडेलं आवडली की त्यांचे पूर्ण नंबर, प्रोसेसरच्या शेवटच्या अक्षरासकट, इथे कमेंटमध्ये टाका. रात्री नऊनंतर शटर ओढलं की बघून सांगतो.