युरोपीय संघात राहून आयर्लंडसारखा छोटा देश इतका पुढे कसा गेला?

फक्त कमी करामुळे, असं उत्तर बहुतेक जण देतात. मला ते अपुरं वाटतं.

१९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) आला, तेव्हा त्याची निम्म्याहून अधिक निर्यात एकट्या ब्रिटनला जायची. समुदायामुळे मोठी बाजारपेठ खुली झाली, शेतकऱ्यांना चांगले भाव मिळाले, पुढे रस्ते आणि प्रशिक्षणासाठी निधीही आला. तरीही १९८० चं दशक वाईटच गेलं: कर्ज, बेकारी, आणि तरुणांनी भरलेली परदेशी जाणारी जहाजं. म्हणजे नुसतं सदस्यत्व पुरत नाही.

खरी तयारी आधीच सुरू झाली होती. १९५० च्या दशकाअखेर टी. के. व्हिटेकर या अधिकाऱ्याने बंदिस्त अर्थव्यवस्था सोडण्याची दिशा दाखवली. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा निर्णय. १९९३ मध्ये युरोपची एकल बाजारपेठ, म्हणजे सदस्य देशांत माल आणि सेवांचा अडथळ्याविना व्यापार, उभी राहिली, तेव्हा अमेरिकन कंपन्यांना इंग्रजी बोलणारे, शिकलेले तरुण तिथे तयार मिळाले. १२.५ टक्के कंपनी कर २००३ चा. त्याआधीही निर्यातदारांना करात सवलती होत्याच.

धोकाही मोठा. युरो स्वीकारल्यावर व्याजदर स्वतःच्या हातात राहिले नाहीत. स्वस्त कर्जावर वाढलेला घरबांधणीचा फुगा २००८ मध्ये फुटला आणि २०१० मध्ये ८५ अब्ज युरोचं मदत पॅकेज घ्यावं लागलं.

आणि तिथला जीडीपी जपून वाचा. २०१५ ची प्रचंड वाढ मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा (पेटंट वगैरे) कागदोपत्री तिकडे हलवल्यामुळे दिसली.