रिपोर्ट बदलला, म्हणजे आजार बदलला का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४३ वर्षांचा आहे, इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा आहे. २०१४ साली त्याच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हा रिपोर्टात 'ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २' असं होतं. पुढे दहा वर्षं ठणठणीत होता. मग परत फिट आली आणि दुसरं ऑपरेशन झालं. आता मुंबईचा रिपोर्ट म्हणतो, 'ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, आयडीएच-म्युटंट, १पी/१९क्यू को-डिलिटेड, ग्रेड ३'. पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का? भाच्याने नेटवर कुठल्याशा नव्या गोळीबद्दल वाचलंय, पण डॉक्टर रेडिएशन आणि जुनीच केमो सांगतात. आणि जनुकाचं दुखणं म्हणजे ते भाच्यालाही होणार का?
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पहिल्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडू नका. २०१४ साली ती स्लाइड माझ्या टेबलावर आली असती तर मीही तेच लिहिलं असतं. तेव्हा आम्ही पॅथॉलॉजिस्ट मंडळी पेशी दिसते कशी, यावरून गाठीचं नाव ठरवायचो. ऑलिगोडेंड्रोग्लिओमाच्या (थोडक्यात 'ऑलिगो') पेशी हाफ-फ्राय अंड्यासारख्या दिसतात : मधे गोल केंद्रक, भोवती पांढरं कडं. (गंमत म्हणजे ते कडं फॉर्मॅलिनमुळे उमटतं. ऑपरेशन चालू असताना गोठवून पाहिलेल्या तुकड्यात ते दिसतच नाही!) 'अ‍ॅस्ट्रो' म्हणजे अ‍ॅस्ट्रोसायटोमा, त्याच्या पेशी लांबट, वेड्यावाकड्या. दोन्ही एकाच स्लाइडवर दिसल्या की 'मिश्र', म्हणजेच ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा, असा शेरा मारून मोकळे. तीच स्लाइड तिघांनी पाहिली तर कधीकधी तीन मतं पडायची.

२००८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरच्या २२ गाठींमधली जनुकं वाचून काढली, तेव्हा काहींमध्ये आयडीएच-१ या जनुकातला बदल सापडला. पुढे लक्षात आलं, की तरुण वयातल्या, सावकाश वाढणाऱ्या ग्लिओमामध्ये (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठी, ऑलिगो आणि अ‍ॅस्ट्रो त्यातल्याच) हा बदल बहुतेक वेळा असतोच. त्यामुळे बिघडलेलं एन्झाइम एक भलतंच रसायन तयार करतं, आणि ते पेशीला प्रौढ होऊ देत नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जनुकं थेट आजाराच्या नावात आली आणि 'मिश्र' प्रकार जवळजवळ हद्दपार झाला. २०२१ च्या आवृत्तीने तर तो विषयच संपवला. आयडीएच बदललेलं आहे आणि एक नंबरच्या क्रोमोसोमचा आखूड हात (१पी) व एकोणीसचा लांब हात (१९क्यू) असे दोन्ही गळालेत, तर ऑलिगो. आयडीएच बदललेलं, पण ते हात शाबूत, तर अ‍ॅस्ट्रो. अधलंमधलं काही नाही.

हे तपासतात कसं तेही सांगते, कारण त्याच्या बिलावरून घराघरात कुरबुर होते. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात. एका कापावर आयडीएचची अँटिबॉडी टाकली की बदललेल्या पेशी तपकिरी होतात. ही अँटिबॉडी नेहमीचा बदल पकडते, दर दहातले साधारण नऊ. उरलेल्यांसाठी जनुक वाचावं लागतं. दुसरा काप जातो फिश तपासणीला, तिथे क्रोमोसोमच्या हातांना चमकणाऱ्या रंगीत खुणा चिकटवतात. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका केंद्रकातले लाल-हिरवे ठिपके मोजत बसायचं. ज्याचे दोन हवेत त्याचा एकच दिसला, तर तो हात गेलेला. मान मोडून येते, पण मला हे काम फार आवडायचं. पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक त्या हॉस्पिटलात अजून असला तर तोही मुंबईला तपासायला मागून घ्या. फाइलमधल्या एमआरआयच्या फिल्म सगळे जपतात, ब्लॉकची आठवण कोणालाच नसते.

आता औषधाचं. भाच्याने वाचलेली गोळी बहुधा व्होरासिडेनिब. अमेरिकेत तिला ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यम काळ ही गोळी घेणाऱ्यांत २७.७ महिने निघाला, नुसत्या साखरेच्या गोळीवर ११.१. चांगलीच आहे. पण ती चाचणी होती ग्रेड २ च्या, शस्त्रक्रियेखेरीज दुसरा कुठलाही उपचार न झालेल्या रुग्णांवर. तुमच्या भावाची गाठ आता ग्रेड ३, म्हणजे जास्त वेगाने वाढणारी आहे; तशा गाठींवर त्या चाचणीत गोळीची परीक्षा झालेली नाही.

आणि ज्या केमोला तुम्ही 'जुनीच' म्हणता, तिच्याबद्दल मला जरा भांडायचंय. प्रोकार्बाझिन, लोमुस्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन, मिळून पीसीव्ही. अमेरिकेत १९९४ मध्ये एक चाचणी सुरू झाली : ग्रेड ३ च्या ऑलिगोला नुसतं रेडिएशन द्यायचं की जोडीला पीसीव्हीही. सुरुवातीचे निकाल आले तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक दिसेना. पुढे रुग्णांची जनुकानुसार वाटणी केली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा चित्र पालटलं. १पी आणि १९क्यू दोन्ही गळालेल्यांत नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७.३ वर्षं, केमो जोडल्यावर १४.७. औषध तेच, बाटली तीच! कोणाला द्यायचं ते कळलं, एवढाच फरक. प्रिसिजन मेडिसिन, म्हणजे जनुक पाहून नेमका उपचार, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाखाची गोळी येते. मला ही चाचणी आठवते. डॉक्टर बरोबर सांगतायत, करून घ्या.

राहिला भाचा. हा बदल भावाच्या गाठीतला आहे, रक्तातला नाही, त्यामुळे तो वारशाने जात नाही. घराण्यातून येणारे मेंदूचे ट्यूमर असतात, पण थोडे. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच चट्टे दिसतात. ली-फ्राउमेनीमध्ये एकाच घरात लहान वयात स्तनाचे, हाडांचे, मेंदूचे कॅन्सर निघतात. तुमच्याकडे यातलं काही नसेल, तर भाच्याचं स्कॅन वगैरे करत बसू नका. आयडीएचमधला तो पहिला बदल कशाने घडतो, हे अजून कोणालाच कळलेलं नाही. तेव्हा मागावरचा खडखडाट, जागरणं, डोक्याला लागलेला मार यांची घरात रोज उजळणी नको.

प्रश्न : मोबाइलने ब्रेन ट्यूमर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०११ मध्ये मान्य केलं आहे. मग तुम्ही डॉक्टर लोक गप्प का?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : गुरुजी, तसं मान्य केलेलं नाही. संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइलच्या लहरी '२-ब' गटात टाकल्या, म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला. २०२४ मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ताकदच नसते. ती असते एक्स-रेच्या जातीच्या किरणांत, आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. इस्रायलमध्ये १९४८ नंतर डोक्यावरच्या गजकर्णासाठी सुमारे ११ हजार मुलांच्या डोक्याला किरण दिले होते. मोठेपणी त्यांच्यात मेनिंजिओमाचं (मेंदूच्या आवरणातल्या गाठीचं) प्रमाण साडेनऊ पट निघालं. सीटी स्कॅनमध्येही एक्स-रेच असतात, म्हणून साध्या डोकेदुखीला तो करा, असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. मोबाइल रात्री उशाशी नको, हे माझंही मत आहे, पण झोपेसाठी.

प्रश्न : वय ४९. एमआरआयमध्ये दीड सेंटिमीटरचा मेनिंजिओमा निघाला. ऑपरेशन नको, लक्ष ठेवू, असं सर्जन म्हणतात. पूर्वी बरीच वर्षं दर तीन महिन्यांनी गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होते. त्याचा संबंध असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असू शकतो. मेनिंजिओमा बायकांत पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो, आणि पुष्कळ गाठींवर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, असतात. तुमचं इंजेक्शन बहुधा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच कृत्रिम भावंडाचं, आपल्या सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाने मिळतं ते. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात ते वर्षभर किंवा अधिक घेणाऱ्यांत ऑपरेशन कराव्या लागणाऱ्या मेनिंजिओमाचा धोका साधारण साडेपाच पट दिसला. आकडा वाचून दचकू नका. मुळात हा आजार विरळ, त्यामुळे पाचपट होऊनही तो विरळच राहतो. ज्या तरुण मुली हे इंजेक्शन घेतायत त्यांनी या उत्तराच्या जोरावर ते परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर हे इंजेक्शन आता चालू नाही, हे चांगलंच. कोणतं होतं, कधीपासून कधीपर्यंत घेतलं, ते कागदावर लिहून सर्जनना द्या. पाळीच्या तक्रारींसाठी कोणी पुन्हा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लिहून देत असेल तर आधी गाठीचं सांगा. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच सेंटरवर करा, म्हणजे दोन फिल्म शेजारी ठेवून नीट मोजता येतं.