सामाईक पेटीचा हिशेब

प्रश्न : आम्ही एकाच ख्रिस्ती मंडळीतली (चर्चमधली) तीन कुटुंबं, एकूण बारा माणसं. पुण्यात वडगाव शेरीत लगतचे फ्लॅट भाड्याने घेऊन एक स्वयंपाक आणि खर्चाची एक पेटी ठेवायचा विचार आहे. बायबलमधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीसारखं सगळंच सामाईक करावं का?

उत्तर : सगळंच नको. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा आणि चौथा अध्याय (त्या मंडळीची सामाईक मालमत्ता) वाचून मन भरून येतं, पण लगेच पाचवाही वाचा. प्रेषित पेत्र शेत विकून पैसे आणणाऱ्या हनन्याला सांगतो की शेत विकण्याआधी तुझंच होतं, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. सक्ती कुणाचीच नव्हती. थोडं मागे ठेवून सगळं दिल्याचं भासवलं, हा दोष. म्हणून किती देणार ते मोकळेपणाने ठरवा आणि लिहून ठेवा. संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत मठवासीयांना पुस्तक, पाटी, लेखणीसुद्धा स्वतःची ठेवता येत नाही. मुलांची फी आणि गावाकडचे आईवडील असलेल्या घरांना तो नियम लावू नका.

वर्गणी समान ठेवू नका. हातात येणाऱ्या पगारातून कर्जाचा हप्ता, घरभाडं, फी आणि आईवडिलांना पाठवायचे पैसे आधी वजा करा. समजा तीन घरांत ६०,०००, ४०,००० आणि २०,००० रुपये उरले. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून खर्च ४८,००० असेल, तर तो एकूण रकमेच्या ४० टक्के होतो. म्हणजे २४,०००, १६,००० आणि ८,०००. समान वाटणीत प्रत्येकी १६,००० पडतील आणि तिसऱ्या घराकडे ४,००० उरतील. ते घर तोंडाने कधी बोलणार नाही. सहा महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून निघून जाईल.

पेटी कुणाकडे असावी, हे सर्वांत महत्त्वाचं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. प्रेषित तक्रार करणाऱ्यांना गप्प करत नाहीत. सात कारभारी निवडायला सांगतात. त्या सातांची नावं पाहा : स्तेफन, फिलिप्प, निकानोर... सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, कारभार बहुधा त्यांच्याच माणसांकडे गेला. तुम्हीही दोन कारभारी नेमा, त्यांतला एक सर्वांत कमी वर्गणीच्या घरचा. बँकेत दोघांच्या सहीने चालणारं संयुक्त खातं उघडा. अशा खात्यावर सहसा यूपीआय चालत नाही, म्हणून भाजी-दुधासाठी आठवड्याला ठरावीक रोकड काढा आणि पावत्या वहीत चिकटवा. दर महिन्याच्या ५ तारखेला वही सगळ्यांसमोर वाचा, मुलांसमोरसुद्धा.

सुरुवातीचे तीन महिने फक्त रात्रीचं जेवण एकत्र ठेवा. नाश्ता आणि डबे ज्याच्या त्याच्या घरी, नाहीतर एकाच कनेक्शनचा १४.२ किलोचा सिलिंडर पंधरवडाही पुरत नाही. मार्केट यार्डातून कांद्याची ५० किलोची गोणी स्वस्त पडते. पावसाळ्यात मात्र २० किलोच आणा, बाकीचा सडतो.

लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि अनामत ज्याच्या त्याच्या नावावर ठेवा, करार नोंदवून घ्या. सामाईक वस्तूंची यादी करून दरवर्षी मूळ किमतीच्या २० टक्के घट धरा : २५,००० चं वॉशिंग मशिन दोन वर्षांनी १५,००० चं. निघणाऱ्या घराला त्यातला त्याचा वाटा द्या. दोन महिने आधी सांगायचं, हेही लिहा. निघण्याची वाट खुली असली की राहणारा निर्धास्त राहतो.

प्रश्न : आमच्या सामाईक घरात एक जण कामाला हातच लावत नाही. बायबलमधलं २ थेस्सलनी ३:१० (‘काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये’) दाखवावं का?

उत्तर : ते वचन काम करायची इच्छा नसलेल्यांबद्दल आहे, जमत नसलेल्यांबद्दल नाही. आधी घरकामाच्या वाटणीचा तक्ता पाहा : त्यांना नेमकं काम दिलंय का? आजारी आजोबांजवळ रात्री जागणं आणि मुलांचा अभ्यास घेणं तक्त्यात मोजलंय का? बरेचदा हीच कामं सुटलेली असतात आणि ती करणाराच आळशी ठरतो. तरीही टाळाटाळ दिसली तर मत्तय १८:१५ प्रमाणे एकाने एकांतात बोलावं. जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका.