चिंगी रात्रभर दारापाशी का ओरडते

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, ८ महिन्यांची तुझी मांजर चिंगी, गेले ४ दिवस रात्रभर दारापाशी बसून ओरडतेय, सासूबाई म्हणतात मुक्या जिवाला कोंडून पाप नको घेऊस, आणि आता तुलाच वाटायला लागलंय की सोडावं हिला बाहेर.

थांब जरा. तूच लिहिलंयस ना की ती फरशीवर लोळते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करते आणि शेपटी बाजूला घेते? अगं ती हीटवर आलीये, म्हणजे माजावर, तिला बोका हवाय. हे बाहेर फिरायला मिळत नाही म्हणून रडणं नाही. आत्ता दार उघडलंस तर साधारण दोन महिन्यांनी घरात चार-पाच पिल्लं, आणि नाही उघडलंस तरी दोन-तीन आठवड्यांनी हेच सगळं परत. त्यामुळे आधी डॉक्टरांना फोन कर, नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं ते विचार, बरेच जण हीट उतरल्यावर करतात. रेबीजची लस राहिली असेल तर तीही विचार, रेबीज मांजरांनाही होतो.

नंतरही माझं मत घरातच ठेव असंच आहे. माझा बोका बाहेर जायचा, गंगापूर रोडला राहायचो तेव्हा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लंगडत आला, पंजा सुजलेला, आणि केस बाजूला केले तर नायलॉन मांजा पार मांसात रुतलेला. २०१७ पासून बंदी आहे त्या मांजावर, तरी दरवर्षी झाडाझाडावर लटकतोच ना! वाचला तो, पण पाय कायमचा अधू झाला, मला अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

सासूबाईंशी वाद नको घालूस. त्यांच्या दिंडोरीच्या घरी मांजर खळ्यात, कोठीत उंदरांमागे फिरायची, रस्त्याला दिवसभरात चार गाड्या, त्यांनी तेच बघितलंय. त्यांनाच सांग, आई, संध्याकाळी जेवण द्यायच्या आधी हिला सुतळीच्या टोकाला चिंधी बांधून १०-१५ मिनिटं पळवा. दमली आणि मग पोटभर जेवली की झोपते मांजर. बाल्कनीला जाळी बसव, खिडकीत बसायला एक फळी, आणि सकाळी घंटागाडी आली की दार सताड उघडं टाकून खाली पळतेस ना, तेव्हा तिला आतल्या खोलीत ठेवत जा.

ऑपरेशननंतर गळ्यात घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर डॉक्टर सांगेपर्यंत काढायची नाही हं, कितीही केविलवाणी दिसली तरी, टाके चाटते नाहीतर.