पगार कमी चालेल, पण आठ महिने थांबा

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 31, पुण्यात जावा प्रोग्रामर, सध्याच्या कंपनीत 4 वर्षं 4 महिने झालेत. हातात 78,000 येतात. प्रोग्रामिंगचा कंटाळा आलाय, टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामात, जायचंय. दुसऱ्या कंपनीत मॅन्युअल टेस्टरची (हाताने तपासणी करणाऱ्याची) नोकरी मिळतेय, हातात 56,000. कमी पडेल ते पीएफ काढून भागवू, शिवाय वडिलांची तीन एकर केळी आहेच, असा त्यांचा हिशेब.

भाऊ, दुसऱ्याच्या कोडमधली चूक सापडली की दिवस सार्थकी लागतो, असं तुम्ही लिहिलंय. ज्याला असं वाटतं त्याने टेस्टिंगला जावंच. गावात कोणी 'खालच्या कामाला गेला' म्हणालं तरी मनावर घेऊ नका. फक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते त्या रिलीजच्या रात्री टेस्टरलाही जागावं लागतं, तेव्हा नव्या ठिकाणी कामाच्या वेळा नीट विचारून घ्या.

आता पैसे. घराचा हप्ता 26,000, घरखर्च 27,000, विमे 4,000, एसआयपी 5,000 आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता 9,000. झाले 71,000. आज नोकरी बदललीत तर दरमहा 15,000 ची तूट. पण वैयक्तिक कर्जाचे आठच हप्ते राहिलेत. ते फिटले की तूट 6,000 वर येते, आणि तेवढी भरून काढता येते.

त्याच आठ महिन्यांत तुमची पाच वर्षंही भरतात. आत्ता सोडलीत तर ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, हातची जाईल. तुमचा मूळ पगार 40,000. त्याला 15 ने गुणून 26 ने भागा आणि पाच वर्षांनी गुणा. सुमारे 1,15,000 रुपये होतात, तेही करमुक्त. दरमहा उरणारे 7,000 बाजूला टाकलेत तर आणखी 56,000. तुमची दीड लाखाची एफडी धरली तर पाच महिन्यांचा खर्च हाताशी राहतो.

पीएफला हात लावू नका. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो, आणि 2024-25 साठी त्यावर 8.25 टक्के व्याज मिळालंय. यूएएन (पीएफचा कायम राहणारा क्रमांक) तोच ठेवून खातं नव्या कंपनीत वर्ग करा.

केळीबद्दल जरा परखड बोलतो, कारण मी त्याच मातीतला आहे. आमच्या काकांची बाग कापणीला आठवडा राहिला असताना मे महिन्यातल्या वादळात आडवी झाली. घड हिरवेगार, एकेक हाताला पेलवणार नाही असा, आणि खोडं मधोमध मोडलेली. आदल्या दिवशी भाव ठरवून गेलेला व्यापारी फोन उचलेना. ठिबक, खतं, रोपं यांचा खर्च तर आधीच होऊन गेलेला. केळीचा पैसा येतो तेव्हा भरभरून येतो, पण बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच जातो. वडिलांच्या पैशावर पुण्यातलं घर चालवायचं ठरवू नका. पुढच्या लागवडीला त्यांना तो लागणार आहे.

हे आठ महिने नुसते बसून काढू नका. तुम्हाला जावा येते, मग मॅन्युअल टेस्टर म्हणून का जायचं? वेबसाइटची तपासणी आपोआप करणारं सेलेनियम हे साधन फुकट आहे आणि त्याच्या चाचण्या जावातही लिहिता येतात. ऑटोमेशन (कोड लिहून आपोआप तपासणी) आणि एपीआय टेस्टिंगचा (दोन प्रोग्राम एकमेकांशी नीट बोलतात का ते तपासण्याचा) सराव करा, टेस्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेची पायाभूत परीक्षा द्या. त्यासाठी कर्ज काढून महागडा क्लास लावायची गरज नाही. ऑटोमेशनवाला म्हणून पगाराची बोलणी करायला बसलात तर 56,000 वर अडायचं कारण उरत नाही.

त्याआधी याच आठवड्यात तुमच्या मॅनेजरला विचारा, कंपनीच्याच टेस्टिंग टीममध्ये बदली मिळेल का? मिळाली तर नोकरी सलग राहते, पगार बहुधा तोच, आणि काम आवडतं का हेही कळतं.

नाहीच मिळाली, तर तुमची नोटीस 90 दिवसांची आहे, म्हणजे राजीनामा साधारण पाच महिन्यांनी. तारीख ठरवताना नेमणूकपत्रावरची रुजू होण्याची तारीख समोर ठेवा. कामाचा शेवटचा दिवस पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच पडला पाहिजे, एक दिवसही आधी नको.