तलावापुढे ‘प्रदूषित’ असा शेरा असेल तर मुलांना तिथे न्यायचं की नाही?

पवईला राहता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यातला शेरा बघून मुलांना तलावावर न्यायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय. काठावर फिरायला खुशाल न्या, पाण्यात मात्र उतरू देऊ नका. पण हे मी शेरा बघून सांगत नाहीये. पाण्याचे नमुने तपासणं हेच माझं काम आहे. ‘प्रदूषित’ वाचून फेरफटकाही बंद करणारे आणि ‘मध्यम’ वाचून निर्धास्त होणारे, दोघांचीही मला काळजी वाटते.

महाराष्ट्राच्या मंडळाचा शेरा पाण्याच्या गुणवत्तेच्या निर्देशांकावरून ठरतो. सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि विष्ठेतून येणारे ‘फीकल कोलिफॉर्म’ जीवाणू, या चारांचा मिळून एक आकडा. ६३ च्या वर चांगलं, ३८ च्या खाली अतिप्रदूषित. यात पहिले तिघं बरे निघाले की चौथा, म्हणजे कोलिफॉर्म, झाकला जातो, आणि पोटात पाणी गेलेल्या मुलाला नेमका तोच भोवतो.

म्हणून थेट फीकल कोलिफॉर्मचा रकाना बघा. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाची कमाल मर्यादा १०० मिलिलिटरमागे २५०० आहे. खरं तर ५०० च्या आत असावं. प्रयोगशाळेत हे पाणी पोषकद्रव भरलेल्या नळ्यांत घालतात. प्रत्येक नळीत एक बारकी नळी उलटी बुडवलेली असते. जीवाणू वाढले की तिच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकतो. असे बुडबुडे किती नळ्यांत आले, त्यावरून आकडा काढतात. तो मोठा आला म्हणजे पाण्यात मैला मिसळतोय, आणि मैल्याबरोबर जुलाब, टायफॉइड, कावीळ येऊ शकते.

केंद्राच्या वर्गवारीत ‘ब’ वर्ग आंघोळीचा, ‘ड’ वर्ग मासे आणि वन्यजीवांचा. ‘ड’मध्ये कोलिफॉर्मची अटच नाही. तेव्हा ‘मासे जगतात, मग पोहायला काय हरकत?’ हा हिशेब चुकतो.

नमुन्याची तारीखही बघाच. उन्हाळ्यातला आकडा पावसाळ्यात कामाचा नाही. पहिल्या जोरदार सरींबरोबर रस्त्यांवरची आणि नाल्यांतली घाण तलावात उतरते. पायाला जखम असेल तर त्या दिवसांत लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा) धोका वेगळाच. शिवाय पवईत मगरी आहेत, आणि त्या कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

मुलांनी काठावर पाण्यात हात घातलेच, तर खाण्याआधी साबणाने धुवायला लावा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी शेवाळाची साय दिसली तर कुत्र्यालाही तिथे तोंड लावू देऊ नका.